मातीतून रंगाकडे येतोयस, तर आधी एवढंच कर

मातीकाम करून आलायस, म्हणजे शरीराचा भार कुठे पडतो हे तुझ्या हातांना आधीच ठाऊक आहे. हे भांडवल मोठं आहे रे, मीही त्याच्याच जोरावर मूर्ती सोडून चित्रांकडे वळलो.

रंग सध्या बाजूला ठेव. साधी वही आणि कोळसा घेऊन सकाळी आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या सिडको बसस्थानकावर जा. जालन्याच्या गाडीची वाट बघणारी माणसं काढ, एकेकाला दोन मिनिटं. डबा कोणत्या हातात, वजन कोणत्या पायावर, पिशवीच्या ओझ्यानं खांदा किती उतरलाय, एवढंच. चेहरा शेवटी, आणि राहिला तरी चालेल. कुणी वाकून बघितलं तर वही लपवू नकोस, दाखव. लोक खूश होऊन उभे राहतात.

आपल्याकडून सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- सगळ्यालाच गोलाई देणं. मूर्तीभोवती फिरता येतं, चित्राभोवती नाही. उजेडाची एकच बाजू ठरव, सावलीतल्या कडा खुशाल विरू दे.
- माणूस पुतळ्यासारखा एकटा उभा करणं. प्रवासी गर्दीतलाच असतो, दोघांमधली फटसुद्धा नीट काढ.
- फोटोवरून काढणं. सध्या नकोच.

वेरूळ तू पाहिलं असशीलच, आता अजिंठा बघ. शहरापासून साधारण 100 किलोमीटर. गेरूच्या रेषेनं आकृती आधी कशी बांधलीय ते निरख.

कॅनव्हास, तैलरंग यांचं नंतर बोलू. आधी 100 पानं भर आणि मला आणून दाखव.