'कायमकाम' म्हणजे कायमचं काम नाही!

प्रश्न असा आलाय की तुर्कस्तानातल्या दिव्रिईबद्दल वाचताना 'तिथला कायमकाम' असा अधिकारी भेटला, तर हा आपलाच कायम अधिक काम का, आणि दिव्रिईला जिल्हा म्हणायचं की तालुका.

कायम आपलाच, काम मात्र नाही. मूळ अरबी जोडी कायम-मकाम, म्हणजे कुणाच्या तरी जागी उभा असलेला. तुर्की बोलण्यात दोन म एकमेकांत मिसळले आणि कायमकाम झालं. यातला मकाम तोच जो आपल्याकडे मुक्काम होऊन 'मुक्काम पोस्ट'मध्ये बसलाय. आता हा उभा कुणाच्या जागी, तर वालीच्या. वाली म्हणजे प्रांताचा गव्हर्नर, आणि आपण 'त्याला कुणी वाली नाही' म्हणतो त्याचं मूळही तेच! वालीचा मुलूख तो विलायेत, आपण मात्र विलायत थेट इंग्लंडला देऊन टाकली आणि वर चिंचही विलायती केली.

दिव्रिईचा वाली बसतो सिवास शहरात. दिव्रिई (ग लिहितात पण उच्चारत नाहीत) हा सिवास प्रांताचा डोंगराळ, थंडीनं गारठणारा पूर्वेकडचा भाग, चाल्ती नदीचं पाणी पुढे फरातला, म्हणजे युफ्रेटिसला जातं. बायझंटाईन काळात गावाचं नाव तेफ्रिके, नवव्या शतकात इथे पॉलिशियन नावाच्या बंडखोर ख्रिस्ती पंथाचा अड्डा होता. नंतर मेंगुजेक घराणं आलं, त्यातल्या अहमद शाहनं 1228-29 मध्ये मोठी मशीद आणि राजकन्या तुरान मेलेकनं तिला लागूनच दारुश्शिफा म्हणजे दवाखाना बांधायला घेतला, दगडी दरवाज्यांवरचं कोरीवकाम बघत बसावं असं. 1985 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. एवढं असूनही गावाची आधुनिक ओळख लोखंडाच्या खाणी, इथलं खनिज रेल्वेनं काराब्युकच्या पोलाद कारखान्याला जायचं.

आता जिल्हा की तालुका. ऑस्मानी म्हणजे ऑटोमन काळात अशा भागाला कझा म्हणत, काझीच्या न्यायाखालचा मुलूख, आपला कोर्टातला कज्जा त्याच अरबी मुळाचा. गंमत म्हणजे आजच्या तुर्कीत कझा म्हणजे अपघातसुद्धा, नशिबाचा निवाडा म्हणून असावं बहुतेक. 1932 नंतर तिकडे भाषाशुद्धीची लाट आली आणि विलायेत, कझा मागे पडून इल आणि इलचे आले. इलचे म्हणजे छोटा इल, इथे मला बागेचा बगीचा आणि देगेचा देगचा करणारा 'चा' आठवतो.

इंग्रजीत इलचेला डिस्ट्रिक्ट लिहितात म्हणून बातम्यांत सरसकट जिल्हा होतं, पण देशात 81 इल आणि प्रत्येकाच्या पोटात हे इलचे, मग इलला जिल्हा किंवा प्रांत आणि इलचेला तालुका हेच बरं. कायमकामला तहसीलदार म्हणू नका मात्र, हा वरून नेमलेला, थेट वालीच्या हाताखालचा, आपल्या प्रांतसाहेबांच्या जवळचा. मी तर कायमकामच ठेवीन, अर्धा शब्द आपल्या ओळखीचा आहेच.