हृदयाच्या स्लाइड्सना घाबरू नकोस

अगं, पहिल्या वर्षाला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांनाच सगळं गुलाबी दिसतं. चतुर्थीच्या सुटीआधी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या स्लाइड्सचं एवढंच पक्कं कर.

सर्वात मोठी चूक म्हणजे स्लाइड ठेवताच ४०पटीच्या भिंगावर उडी मारणं. आधी ४ किंवा १०पटीच्या भिंगावर रक्तवाहिनीची संपूर्ण भिंत बघ. धमनी आणि शीर शेजारीशेजारी असतात, त्यांची तुलना कर. धमनीत मधला थर जाड, पोकळी बहुधा गोल; शिरेत बाहेरचा थर जाड आणि पोकळी चेपलेली. पण नुसत्या आकारावर विसंबू नकोस, कापताना धमनीही वाकडी होते. मी तोंडी परीक्षेत तिथेच आपटले होते!

मग आतल्या थराच्या कडेला नागमोडी, चकाकती रेघ शोध. ती स्पष्ट दिसली तर स्नायुमय धमनी. महाधमनीत एक रेघ नसते, लवचीक पापुद्र्यांचे थरावर थर असतात. रक्तदाबाचा धक्का झेलून भिंत पुन्हा आवळते ती त्यांच्यामुळे.

हृदयाच्या स्नायूत तीन खुणा: फांद्या फुटलेले तंतू, मध्यभागी केंद्रक, आडव्या गडद चकत्या. आडवे पट्टे यातही असतात, म्हणून ते दिसले की कंकाल (हाडांना जोडलेला) स्नायू लिहून मोकळं व्हायचं नाही. कंकाल स्नायूत केंद्रकं कडेला असतात.

मोजपट्टी हवी? रक्तातली लाल पेशी सुमारे ७.५ मायक्रोमीटरची. केशवाहिनीत ती जेमतेम मावते.

हृदयात विद्युत संदेश वाहून नेणारे पर्किंजे तंतू सध्या राहू देत. आणि हो, पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. ठिपके दिसले तर आधी भिंग पूस.