आजोबा खरंच मिल्ट्रीत होते का?

प्रश्न: आम्ही चिपळूणच्या सहा-सात बायका एसटी स्टँडवर झोपणाऱ्यांना रात्रीचं जेवण देतो. त्यातले सत्तरीचे एक आजोबा 'कारगिलला लढलो' म्हणतात, शर्टावर दोन पदकं लावतात. मी व्हॉट्सॲपवर 'कारगिलच्या जवानाला मदत करा' असं लिहिलं आणि 21,500 रुपये जमले. आता एक निवृत्त सुभेदार म्हणतात, हा दरवेळी वेगळी पलटण सांगतो, तोतया आहे, पोलिसांत द्या. दोघे जण पैसे परत मागताहेत. मी अडकेन का?

उत्तर: ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी नाही. फसवणुकीला (भारतीय न्याय संहिता, कलम 318) बेइमानीचा हेतू लागतो; तुम्ही खरं मानलंत तेच लिहिलंत. पण संशय कळल्यावरही तोच मेसेज पुन्हा फिरवलात तर माझं उत्तर बदलेल. म्हणून आजच ग्रुपवर कळवा की आजोबांच्या नोकरीची खात्री झालेली नाही, पैशांचा हिशेब असा आहे, ज्यांना परत हवेत त्यांनी सांगावं. त्या दोघांचे लगेच देऊन टाका. यापुढे वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम 41 क ची परवानगी घ्या. गणपती मंडळं घेतात तीच.

पोलिसांत देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. सैनिक नसताना तसं भासवायला गणवेश किंवा निशाणी वापरणं हा न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण आजोबा सैनिक नव्हते हे आधी ठरायला हवं, आणि ते स्टँडवर चारचौघांत ठरत नाही. कुणी त्यांची पदकं ओरबाडली किंवा 'तोतया' म्हणून व्हिडिओ फिरवला, तर गुन्हा त्याच्यावर दाखल होऊ शकतो.

सुभेदारसाहेबांना हे का झोंबतं ते मला कळतं. पण आपल्याकडे ग्रेफमध्ये (सरहद्दीवरचे रस्ते बांधणारं दल) राबणारा, मेसमध्ये रोट्या लाटणारा, टेरिटोरियलवाला (अर्धवेळ फौजी), शिक्षा होऊन घरी आलेला, सगळेच 'मिल्ट्रीत होतो' म्हणतात. त्यावर कारगिल चढवलं जातं, कारण नुसत्या भुकेल्या म्हाताऱ्याकडे कुणी थांबून बघत नाही.

मला खटकलं ते वय. आज सत्तरीचा माणूस 1999 साली चव्वेचाळीसच्या आसपास असणार. त्या वयात जो फौजेत होता त्याची पेन्शनची पंधरा वर्षं बहुधा केव्हाच भरलेली. मग पेन्शन कुठे जातं? एकतर गोष्ट खरी नाही, किंवा एटीएम कार्ड मुलाच्या खिशात आहे, किंवा हयातीचा दाखला न दिल्यामुळे पेन्शन थांबलंय. शेवटचं असेल तर दाखला दिल्यावर ते थकबाकीसह सुरू होऊ शकतं. मुलगा सांभाळत नसेल तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांपुढे दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. आजोबांनी अधिकार दिला तर अर्ज तुम्हीही करू शकता.

कागद नाहीत म्हणून खोटं ठरवू नका. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीनं किती घरांतल्या ट्रंका नेल्या, हे चिपळूणकरांना मी काय सांगू! एकांतात, जेवण झाल्यावर, शांतपणे सर्व्हिस नंबर विचारा. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांना नातवंडांची नावं आठवत नव्हती, पण नंबर त्यांनी एका दमात म्हटला, तोही खुर्चीतून उठून, हात शिवणीला लावून. नंबर, पलटण, भरतीचं साल एका कागदावर लिहा, खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्या. सही हवी, कारण परक्यानं माहिती अधिकारात विचारलं तर खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. हा कागद रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्या. नोंद सापडली, पण पेन्शन नसलं, तरी 65 वरच्या गरीब माजी सैनिकाला (हवालदार हुद्द्यापर्यंत) केंद्रीय सैनिक मंडळाचं मासिक अनुदान आहे. नोंद नाहीच सापडली तर तहसीलमध्ये श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरा. त्याला पलटण लागत नाही.

रत्नागिरीला जाताना सुभेदारसाहेबांनाच बरोबर येण्याची विनंती करा. त्या कार्यालयात काय विचारायचं ते तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. आणि आजोबांचा डबा मधल्या काळात बंद करू नका.