ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांचं एवढं नाव का आहे?

स्मृती ही एकच एक गोष्ट नसून तिचे प्रकार असतात आणि मेंदूत त्यांची व्यवस्थाही वेगवेगळी असते, याचा ठोस पुरावा त्यांनी दिला म्हणून.

जन्म १९१८, मँचेस्टर. शिक्षण केंब्रिजला. १९४४ मध्ये कॅनडात आल्या आणि मॉन्ट्रियलच्याच झाल्या. मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्याकडे १९५२ साली पीएचडी केली.

खरी गोष्ट हेन्री मोलेसन या त्यांच्या रुग्णाची. शोधनिबंधांत तो 'एच. एम.' म्हणून येतो. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवण्यासाठी लागणाऱ्या भागाचा) बराचसा भाग काढून टाकला होता. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षातच राहीना. मिल्नरबाई वर्षानुवर्षं भेटत राहिल्या, तरी त्याच्या लेखी दर वेळी पहिलीच भेट! त्यांनी त्याला आरशात बघत, कागदावर दुहेरी रेघेने काढलेल्या चांदणीच्या त्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. तीन दिवसांत त्याचा हात छान बसला. पण हे आपण आधी केलंय, हे मात्र त्याला अजिबात आठवत नव्हतं. म्हणजे हाताचं कौशल्य हिप्पोकॅम्पसवाचूनही शिकता येतं. हे सगळं एमआरआय वगैरे येण्याच्या कितीतरी आधी, कागद-पेन्सिलीवर. मला तरी हेच सगळ्यात भारी वाटतं.

हेन्रीची ती शस्त्रक्रिया करणारे सर्जन विल्यम स्कोव्हिल यांच्यासोबतचा त्यांचा १९५७ चा शोधनिबंध आजही संदर्भासाठी काढला जातो. पुरस्कार पुष्कळ मिळाले, त्यातला मोठा म्हणजे मेंदूविज्ञानासाठीचा २०१४ चा काव्हली पुरस्कार, तोही वयाची पंचाण्णवी गाठल्यावर.