मराठीत अपंग पात्राची भूमिका खऱ्या अपंग कलाकाराने केली आहे का?

हो, आणि मुख्य भूमिकेत. २०१४ च्या ‘यलो’मध्ये डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःचीच भूमिका करते. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या सिनेमाला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. तिच्या कामाचीही तिथे वेगळी नोंद घेतली गेली. मराठीबाहेर त्याआधीचं ठळक नाव सुधा चंद्रन. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावलेली ही मुंबईची नर्तिका जयपूर फूट लावून ‘मयूरी’ या तेलुगू सिनेमात नाचली. हिंदीत तोच ‘नाचे मयूरी’ म्हणून आला.

पण ही दोन्ही उदाहरणं स्वतःच्या आयुष्यावरची आहेत, हे ध्यानात घ्या. काल्पनिक पात्र असलं की निर्माते धडधाकट स्टारकडेच वळतात: ‘स्पर्श’मध्ये नसीरुद्दीन शाह, ‘ब्लॅक’मध्ये राणी मुखर्जी. (अभिनय उत्तमच, तो मुद्दा नाही.) या बाबतीत मला रंगभूमी पुढे वाटते. स्वागत थोरातांनी बसवलेल्या ‘अपूर्व मेघदूत’मध्ये अंध कलाकार यक्षाच्या गोष्टीतली पात्रं करतात. तिथे अंधत्व हा कथेचा विषयच नाही. पडद्यावर असं मराठीत क्वचितच दिसतं.