बडोद्याहून आई-बाबांना मुंबई–गोवा क्रूझला नेतोय, काय काळजी घ्यावी?

आधी केबिन बघा. जहाज मधोमध आणि खालच्या डेकवर कमी हलतं, म्हणून तिथलीच मागा. अगदी पुढच्या टोकाची स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, आईंना तिथे हमखास मळमळेल. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटायच्या तासभर आधी द्या. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही.

मुंबई आदल्या दिवशीच गाठा. गाडी लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही. मोठ्या बॅगा केबिनमध्ये उशिरा पोहोचतात, तेव्हा बीपीच्या गोळ्या, मूळ ओळखपत्रं, कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीतच हवा. इस्त्री नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. किनारा सुटला की मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजावरच्या सॅटेलाइट नेटवर्कचं बिल भलतंच येतं.