जॉब आणि जॉब वर्क

प्रिय दोस्ता,

पावडर कोटिंगवाल्यांच्या (धातूच्या पार्टवर पावडरचा रंग ओव्हनमध्ये भाजून बसवतात ते) चाकणच्या नव्या युनिटचं गूगल जाहिरातींचं कॅम्पेन तुझ्याकडे आलंय, म्हणून भोसरीच्या वेळी मी खाल्लेली माती आधी सांगून ठेवतो.

तेव्हा मालक रोज फोन करायचे, "अहो, इन्क्वायरी कसली, सगळे कामावर घ्या म्हणणारे!" मी आपला हेडलाइन बदलत बसलो. पंधरा हेडलाइन, प्रत्येकी तीस अक्षरांत. मग कधीतरी सर्च टर्म्स रिपोर्ट, म्हणजे लोकांनी काय टाइप केल्यावर जाहिरात दिसली त्याची यादी, उघडला आणि कपाळावर हात मारला. कीवर्ड होता 'पावडर कोटिंग जॉब वर्क', तोही ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या अर्थाच्या शोधांनाही जाहिरात दिसणार. आपल्याकडे जॉब वर्क म्हणजे दुसऱ्याचा माल कोटिंग करून देणं. गूगल मात्र 'पावडर कोटिंग जॉब व्हेकन्सी'पर्यंत पोचलं होतं. क्लिकचे पैसे मालकांचे, वर अठरा टक्के जीएसटी.

घाईने 'जॉब' हा शब्दच निगेटिव्हमध्ये (हे शब्द आले की जाहिरात दाखवू नको, अशी यादी) टाकू नकोस, खरं गिऱ्हाईकही तोच टाइप करतं. व्हेकन्सी, सॅलरी, भरती, नोकरी असं एकेक घाल. निगेटिव्हला समानार्थी शब्द आपोआप कळत नाहीत. लोकेशनमध्येही 'पुण्यात रस असलेले' लोक धरलेले असतात, ते काढ.

वेबसाइटवर 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' लिहायचा मोह होईल. त्याआधी एक दिवस भोसरीला मालकांच्या टेबलाशेजारी बस आणि फोनवर ते काय बोलतात ते उतरवून घे. मी बसलो होतो. तासाभरात तिघांनी एकच विचारलं, ओव्हनमध्ये किती लांबीचा पार्ट बसतो? एकाने थराची जाडी किती मायक्रॉन देता विचारलं, एकाने अॅल्युमिनियम घेता का. साइटवर यातलं अक्षर नव्हतं. ओव्हनचं माप टाकायला मालक तयार होईनात, कॉम्पिटिटरला कळेल म्हणे. (शेजारच्या शेडमधून तो ओव्हन उघडा दिसतो!) शेवटी टाकलं. गूगलच्या क्वालिटी स्कोअरमध्ये लँडिंग पेज (क्लिक केल्यावर उघडतं ते पान) धरतात हे खरंच, पण मला बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: 'एवढा मोठा बसत नाही हो' म्हणून ठेवावे लागणारे फोन कमी झाले.

चाकणचेही फोन भोसरीतच उचलणार आहेत. तिकडे गुरुवारी सुट्टी, तेव्हा त्या दिवशी जाहिरात बंद ठेव. आणि पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट आला की निगेटिव्ह घालण्याआधी मला पाठव. 'रेट' विचारणारे ठेवायचे की काढायचे, यावर माझं आणि मालकांचं अजून जुळलेलं नाही.

तुझा,
दादा